मुरबाडवाली

बैलगाडी शेणवे गावाच्या पुढं आली तेव्हा बाईजानं मांडीवर झोपलेल्या चंद्रकलेला उठवलं आणि डोंगराच्या कुशीतली वाडी दाखवली. "ती कौलं दिसतात ना, ते आता आपलं घर."

सात-आठ वर्षांच्या चंद्रकलेनं डोळे चोळत पाहिलं आणि विचारलं, "मग आपलं ते घर कुणाचं?"

बैल हाकणारा तिचा बाप कान्हा मागं वळला नाही. बाईजाच म्हणाली, "ते काकांचं."

खरं म्हणजे ते घर काकांचंच झालं होतं. मुरबाडकडच्या त्या घरात एका छपराखाली चार भाऊ आणि चार चुली होत्या. वाटणीत कान्हाकडं आलेला भाताचा तुकडा एवढासा, की पौषातच कणगी रिकामी व्हायची. दिवाळीच्या सुमाराला बाईजाचा देवजीमामा चार दिवस राहायला आला, त्यानं हे सगळं पाहिलं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोटी मूल नव्हतं. पोरवयात बाईजा त्याच्याच घरी वाढली होती. निघताना ओटीवर बसून पायताण घालता घालता तो म्हणाला, "बाईजा, तुमी सगली माज्याकडं या. घर तुजं, खाचरं तुजी. मला दोन येळा भाकर घाल, आनखी काय नको."

कान्हा खाली बघत म्हणाला, "मामा, लोक काय म्हणतील? बायकोच्या मामाच्या घरात जाऊन ऱ्हायचं..."

"लोकांना मी सांगतो ना. माजी जमीन, माजा सबूद. भात झोडून झालं की या."

भात झोडून झालं आणि ते निघाले. आपल्या खोलीचं दार कान्हानं धाकट्या भावाला काढून दिलं, कारण त्याला गोठ्याला दार हवं होतं. ते दार निघताना पाहिलं तेव्हा बाईजाला कळलं, की आता परत यायचं नाही.

वाडीत गाडी थांबली तेव्हा मामाच्या ओटीवर एक बाई बसली होती. मामाचा पुतण्या चांगो, त्याची ही बायको सरस्वती. ती वाटीनं कुणाला तरी पेज पाजत होती. बाईजा जवळ गेली आणि तिथंच उभी राहिली. बाजेवर मामा पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लाकडासारखा. मुरबाडहून परतल्यावर आठवड्याच्या आत त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. कुणी निरोप धाडला नव्हता.

बाईजाला पाहून मामाचे डोळे भरले. त्यानं डावा हात उचलला आणि ओरडल्यासारखा म्हणाला, "जा. जा, जा."

सरस्वती वाटी खाली ठेवत म्हणाली, "तेवढंच बोलतो आता. दुसरं कायच येत नाय." मग तिनं गाडीतल्या सामानाकडं पाहिलं. हंडे होते, पाटा-वरवंटा होता, नांगरसुद्धा होता. "तुमी भेटायला आल्यात का ऱ्हायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली माणसं अंगणात जमली. चांगो पुढं होता. तो आडदांड होता, पण बोलायला सावकाश. नात्यानं बाईजाचा मामेभाऊच. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेली.

"बाईजा, तू म्हणतेस काकानं तुला जमीन देऊ केली," तो म्हणाला. "आमच्या कुणाच्या कानावर नाय. हितं काका हाय. त्यालाच इचारू." तो बाजेजवळ बसला. "काका, हिला तू बोलावलंस?"

मामानं सगळ्यांकडं पाहिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ थरथरले, कपाळावर घाम आला. त्याला काहीतरी मोठं सांगायचं होतं, हे बाईजाला दिसत होतं. आणि तोंडातून शब्द आला तो एकच. "जा."

कुणी हसलं नाही. चांगो उठला, धोतर झटकलं, म्हणाला, "आता आमी काय समजायचं?"

कान्हाचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो बाईजाला हळूच म्हणाला, "गाडी जुंपतो."

"कुठं जायचं?" बाईजानं विचारलं. मग ती चांगोकडं वळून म्हणाली, "दादा, जमिनीचं तुमी म्हणाल ते. पन मामाला मी टाकून जानार नाय. वयनीनं महिनाभर केलं. आता मी करते."

वाडीनं त्यांना हाकललं नाही, आपलंही म्हटलं नाही. विहिरीवर बाईजा गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. तिला नाव होतं, नातं होतं, पण पाठीमागं सगळ्या तिला 'मुरबाडवाली' म्हणायला लागल्या. कान्हाची गत त्याहून वाईट. देवळापुढच्या पारावर तो बसला की कुणीतरी शांतपणे विचारायचं, "काय पावनं, कवा जायाचं?" विचारणारा दरवेळी वेगळा असायचा, प्रश्न तोच.

त्यात घरात मामा. बाईजाला त्याच्या 'जा'चे अर्थ कळायला लागले होते. लांबवून म्हटलेलं 'जा' म्हणजे पाणी. दोनदा तुटक म्हटलं की कूस बदलायची. नुसतं पुटपुटला तर जवळ बस. पण कान्हा शेतावरून दमून यायचा, ओटीची पायरी चढायचा, आणि बाजेवरून आवाज यायचा, "जा."

"ते तुमाला नाय," बाईजा सांगायची. "त्याला पानी पायजे हाय."

"मला ठाऊक हाय," कान्हा म्हणायचा. आणि परड्यात जाऊन बसायचा. जेवण तिथंच मागवायचा.

पहिल्या आषाढात लावणीच्या वेळी त्यांची खरी कसोटी लागली. वाडीत सगळे एकमेकांच्या खाचरात लावणीला जायचे, आज याच्या तर उद्या त्याच्या. कान्हा सगळ्यांच्या शेतावर राबून आला. त्याची पाळी आली तेव्हा कुणाच्या घरी ताप आला होता, कुणाचा बैल लंगडत होता. कोणी नाही म्हटलं नाही, पण कोणी आलंही नाही. रोपं पिवळी पडायला लागली. शेवटी बाईजा इरलं डोक्यावर घेऊन ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीत गेली. तिथला म्हादू आणि त्याची बायको जानी, दोघं आली. चौघांनी वाकून वाकून लावणी उरकली. चंद्रकला बाजेजवळ बसून मामाच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती. त्या वर्षी भात निम्मंच पिकलं.

झोडणी झाल्यावर एके दिवशी कान्हा म्हणाला, "उंबरमाळीच्या बाजूला रेल्वेच्या गँगवर माणसं घेतात. मी जातो."

"हितलं कोन बघंल?"

"हितं माजं काय हाय गो, बघायला?"

बाईजा चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी उलटली, दुसऱ्या बाजूनं भाजली, काढून टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "सणाला तरी येत जा."

पहिल्या वर्षी तो सणाला आला, लावणीलाही आला. दुसऱ्या वर्षी शिमग्याला आला तो एक रात्र राहून गेला. नंतर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पैसे यायचे, कधी चंद्रकलेसाठी परकराचं कापड यायचं. तो स्वतः यायचा नाही. बाईजा शेत करत होती, मामाला उचलत होती, धूत होती. तिची पाठ दुखायची. मामाच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा जानीनं कसलासा पाला आणून दिला, तो वाटून ती लावायची. लावताना मामा रडायचा. बाईजा त्याला रागावायची, "रडू नको रे मामा. मला रडायला कोनाकडं जायाचं ते सांग." आणि मग तिलाच वाईट वाटायचं.

तिसऱ्या वर्षी थंडी सरता सरता मामानं पेज गिळायची सोडली. बाईजानं त्याला आणि चंद्रकलेला जानीवर सोपवलं आणि आसनगावापर्यंत चालत जाऊन कसाऱ्याकडची गाडी धरली. खर्डीला उतरून ती रुळाच्या कडेकडेनं विचारत गेली.

गँगची माणसं झाडाखाली भाकरी खायला बसली होती. तिला आधी कान्हाचं हसणं ऐकू आलं. ती थबकली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत तो असा हसायचा. मुरबाड सोडल्यापासून तिनं ते ऐकलं नव्हतं. तो कुणाची तरी नक्कल करत होता आणि बाकीचे त्याच्या खांद्यावर थापा मारत होते.

तिला पाहून तो उठला. दोघं बाजूला गेली.

"मामा जातो आता," ती म्हणाली. "तुमी चला."

कान्हा रुळांकडं बघत राहिला. "बाईजा, हितं मला कान्हा म्हनून हाक मारतात. मुकादमसुद्धा. तिकडं मी कोन? देवजीचा भाचजावई. तेबी खरा का खोटा, कोनाला ठाऊक नाय."

"मग आमी हितं येऊ?"

"हितं बायका-पोरांना कुठं जागा हाय? झोपडीत आमी आठजन."

"मुरबाडला जाऊ परत."

"आपल्या खोलीत माज्या थोरल्या दादाच्या म्हशी बांधल्यात," तो म्हणाला. "मागं गेलतो तवा बघून आलो."

हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. ती थोडा वेळ खडीवर बसली. त्यानं आपल्या डब्यातली सुकट आणि भाकरी तिच्यापुढं ठेवली. तिनं खाल्ली, कारण भूक लागली होती. मग एकटीच परतली.

मामा त्याच आठवड्यात गेला. शेवटी शेवटी तर तो 'जा'सुद्धा म्हणत नव्हता. सकाळी बाईजा तोंड पुसायला गेली तेव्हा अंग गार होतं.

निरोप उंबरमाळीला पोचला आणि तिरडी बांधून होता होता कान्हा अंगणात आला. माणसं जमली होती. वाडीतला म्हातारा पाटील म्हणाला, "मडकं कोन धरतो?"

मडकं धरायचं म्हणजे नुसतं अग्नी देणं नव्हतं. जो मडकं धरेल तो देवजीच्या मागं त्याच्या घराचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कान्हा एक पाऊल पुढं सरला. चांगोही सरला. दोघंही एकमेकांकडं न बघता उभे राहिले.

दारात बायकांमध्ये बाईजा उभी होती. ती मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चांगोदादा धरंल. त्याच्या रक्ताचा तोच हाय."

कान्हानं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं. तो मागं झाला आणि तिरडीला खांदा द्यायला गेला.

बाराव्याचं जेवण झाल्यावर तिनं चांगोला ओटीवर बोलावलं. सरस्वतीही आली. बाईजा म्हणाली, "दादा, मामानं मला सगलं देतो म्हटलं होतं. ते खरं हाय. पन ऐकलं ते आमीच, नि गावानं माज्या सांगन्यावर का म्हनून चालायचं? ओढ्याकडची खाचरं तू घे. घर नि वरची शेतं मला ऱ्हाऊ दे. माज्या पोरीला गाव पायजे हाय."

ओढ्याकडची खाचरं सगळ्यांत चांगली होती. चांगोनं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं. सरस्वतीच म्हणाली, "लावणीला आमी येतो." आणि त्या वर्षी ती आली, वाडीतल्या बायकांना घेऊन आली.

परड्यात कान्हा ऐकत होता. माणसं गेल्यावर त्यानं विचारलं, "मग मी हितं आलो कशाला होतो?"

"तुमी येत नव्हता म्हनून खाचरं दिली," असं बाईजाच्या ओठावर आलं होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं, म्हणून ती उष्टी भांडी उचलायला लागली. पुढं कित्येक वर्षं तिला त्याचं नीट उत्तर सापडलं नाही.

कान्हा गँगवरच राहिला. वर्षाकाठी दोन-तीनदा यायचा, कौलं फिरवून द्यायचा, कुंपण नीट करायचा आणि जायचा. वरच्या शेतात नाचणी आणि थोडं भात व्हायचं. दोघी मायलेकींना ते जेमतेम पुरायचं. विहिरीवर आता बायका बाईजाशी बोलायच्या. बाळंतपणाला, दुखण्याला तिला बोलावणं यायचं, कारण आजारी माणसाला उचलायचं कसं हे तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. नाव मात्र मुरबाडवालीच राहिलं, आता तोंडावरसुद्धा. ती त्याला ओ द्यायची.

चीनच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात चंद्रकलेचं लग्न डोळखांबच्या बाजूला ठरलं. मांडव चांगोनं घातला. मामा म्हणून नवरीच्या मागं तोच उभा राहिला, आणि अक्षता पडताना त्याचे डोळे भरून आलेले सगळ्यांनी पाहिले. कान्हा नवं धोतर नेसून आला होता. काय कुठं ठेवलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. पाणी हवं होतं तेव्हा त्यानं एका मुलीला विचारलं, की बाय, हंडा कुठं हाय. ती मुलगी चांगोची होती. ती म्हणाली, "बसा पावनं, मी आनते."

बाईजानं ते ऐकलं. तिनं मुलीच्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः कान्हाला नेऊन दिला. तो पाणी प्यायला, त्यानं तांब्या परत दिला.

नवरीची गाडी गेली, मांडव मोकळा झाला. कान्हा पिशवी घेऊन उभा राहिला. उद्याची हजेरी चुकवून चालणार नव्हती.

"आजच्या दिस ऱ्हा," बाईजा म्हणाली. "घरात मी एकटीच हाय आता."

त्यानं पिशवीचा बंद आवळला. मग म्हणाला, "पुढल्या महिन्यात येतो."

तिनं त्याला लाडू आणि भाकरी बांधून दिली. तो शेणव्याच्या वाटेला लागला. ती जोत्यावर उभी राहून बघत होती, तेवढ्यात सरस्वतीनं पलीकडून हाक मारली. जेवणाची मोठी भांडी घासून ज्याची त्याला पोचवायची होती. बाईजानं पदर खोचला आणि ती तिकडं गेली.