गुणाजीची उरलेली लस

परळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात गुणाजी परब कुत्री धरायचा. हुद्दा वॉर्डबॉयचा, पण काम एवढंच: सुई टोचून होईपर्यंत जनावर हलू द्यायचं नाही. मलबार हिलचा अल्सेशियन असो की गिरगावातल्या वकिलाचं मांजर, गुणाजीचा डावा हात मानेखाली गेला की भलेभले गप्प होत. माणसांशी त्याचं तेवढं जमत नसे. बायको गेल्यापासून तर तो बोलायचंच विसरला होता, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

लालबागच्या चाळीत मात्र त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. कुत्रं पिसाळू नये म्हणून टोचायच्या लसीची बाटली एकदा उघडली, की संध्याकाळी उरलीसुरली ओतून द्यायची, असा दवाखान्याचा नियम. गुणाजी ती ओतत नसे. बर्फाच्या डब्यातून घरी आणायची, चाळीच्या कुत्र्यांना टोचायची आणि टोचलेल्याच्या गळ्यात काळा दोरा बांधायचा, ही त्याची पद्धत. दोरा दिसला की चाळ निर्धास्त. चोरीच ती, पण असली चोरी आणखी चारजणांनी केली असती तरी माझी काही तक्रार नसती.

छपन्न सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं कळलं आणि गिरणगाव पेटलं. त्या संध्याकाळी गुणाजी डबा घेऊन निघाला तो चिंचपोकळीला अडकला. बाहेर गोळीबार. मिरच्या भाजायच्या एका दुकानात, फळ्या लावून घेऊन, तो तीन तास भट्टीशेजारी बसला. बर्फाचं पाणी झालं, मग पाणीही कोमट झालं. लस वाया गेली हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

चाळीत सुंदराबाई खंड्या कुत्र्याला धरून जिन्यात बसलेली. ही मालवणकडची विधवा खानावळ चालवायची. खंड्या तिच्याच उरलेल्या भातावर वाढलेला.

"ये रे डॉक्टरा, कधीपास्ना वाट बघतंय," ती म्हणाली.

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि गुणाजीला बोलायचा कंटाळा. त्याने टोचलं, दोरा बांधला आणि खोलीत जाऊन पडला.

महिन्याभराने खंड्याचा आवाज घोगरा झाला, तोंडातून लाळ गळू लागली, आणि एका सकाळी त्याने सुंदराबाईच्या मनगटात दात रोवले. तिने हळद दाबली आणि पुन्हा भाकऱ्या थापायला बसली.

"इस्पितळात जा, काकी," गुणाजी म्हणाला.

"कित्याक? तू टोचलंस मां तेका? दोरो असा गळ्यात."

खरं सांगावं तर नोकरी आणि चाळीतली पत दोन्ही जाणार. न सांगावं तर सुंदराबाई जाणार. तो गप्प राहिला, एक नाही, तीन दिवस. दवाखान्यात गेला, कुत्री धरली, जेवला, झोपला. त्याचा राग येतो तो इथे.

चौथ्या दिवशी खंड्या मोरीत मरून पडला. त्या दुपारी भरल्या पंगतीत गुणाजी म्हणाला, "काकी, ती लस गरम होऊन फुकट गेल्ली. माका ठावक होता."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. सुंदराबाईने आमटीची पळी ठेवली, हात धुतले आणि "चल" म्हणाली.

पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. गुणाजी रोज बरोबर जाई. शेवटच्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की उशीर झालाय, चार-सहा महिने काही खरं नाही. रोग उठला तर पाणी गिळता येणार नाही, तीच खूण.

चाळीतल्या कुणी हे दवाखान्यापर्यंत पोचवलं नाही, नोकरी राहिली. पण गुणाजी खानावळीत जेवायचा थांबला. गॅलरीच्या टोकाला उभा राहून ती पाणी कधी पिते ते बघत राही. ते तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या सकाळी ती भरला तांब्या घेऊन त्याच्या दारात आली. त्याच्याकडे बघत सगळा प्यायली आणि गेली. मग रोजच येऊ लागली. सहा महिने सरले, वर्ष सरलं, धोका टळला. साठ साली महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले, त्या सकाळीही ती आली. माफ केलंय म्हणून येते की विसरू नये म्हणून, हे विचारायची गुणाजीला कधी हिंमत झाली नाही. ती येऊन जाईपर्यंत चहाचा घोट मात्र त्याच्या घशाखाली उतरत नसे.