हाकललेली चाल

यांची वाचा गेली तेव्हा देवावरचा माझा विश्वासही गेला होता, हे आधी सांगते. पक्षाघात झाला, उजवा हात लुळा पडला, तोंडातून शब्द फुटेना. आमच्या पांडेसऱ्याच्या भजनी मंडळात वीस वर्षं काकडा म्हणणाऱ्या माणसाला साधं पाणी मागता येईना. डॉक्टर म्हणाले, वाचा येईल किंवा येणारही नाही. मी देवाला विचारलं, तुझं नाव घेणारं तोंड बंद करून तुला काय मिळालं?

भिका मिस्तरी हा आमच्या ह्यांच्याच लूमच्या कारखान्यातला, मंडळाची पेटी तोच वाजवायचा. एकदा त्याने अभंगाला सिनेमातल्या गाण्याची चाल लावली. घरोघर नुकती केबल आली होती, तिथूनच हा उचलतो असं मला वाटलं. मीच सगळ्यांसमोर म्हणाले, "देवाच्या दारात नाचगाणं नको. उचल पेटी." तो गेला तो दोन वर्षं फिरकला नाही.

यांचं दुखणं कळल्यावर एका सकाळी तो पेटी घेऊन घरी आला. बसला आणि नेमकी तीच चाल वाजवू लागला. मी ओरडणार, तोच मागून आवाज आला. हे गुणगुणत होते. गुणगुणता गुणगुणता आपल्या काकड्यावर वळले, भिकाची बोटंही मागोमाग वळली. सांधा कुठे दिसेना. शब्द बोबडे होते, पण "पांडुरंगा" मला स्पष्ट ऐकू आलं.

"अरे, हे जुळलं कसं?"

"मावशी," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "हाई चाल सिनेमानी नही व. हाऊ भैरव राग शे. तुमना काकडा बी त्यामाच. सिनेमावालास्नी बी तठूनच लिधी."

म्हणजे सिनेमावाल्यांनीही ती तिथूनच घेतलेली! मी चौथी शिकलेली. विचारत सुटले. राग मुळात कुणाचा? सिनेमाच्या गाण्याला आणि देवाच्या गाण्याला तोच कसा चालतो?

"पेटीले इचारा," तो हसला. "आते मंडळमा येऊ का? का परत हाकलशात?"

"गुरुवारी वेळेवर ये," मी म्हटलं. याहून मोठी माफी मला मागता येत नाही.

बोलणं अडलं तरी गाताना शब्द येतात, असं डॉक्टर पुढे म्हणाले. असेल. पण मी हाकललेली चाल माझ्याच घरी का आली, ते त्यांनीही सांगितलं नाही. हे आता पाणी मागतात, अडलं तर गाऊन मागतात.

मिलमध्ये मी कापडाच्या ताक्यांवर शिक्के मारायचे, हा पास, हा नापास. तीच सवय देवळात नेली होती. आता मंडळात मागच्या रांगेत हात जोडून बसते. चाल कोणती, ते विठ्ठल बघेल.