कोंबड्यांचं कोमट पाणी

थंडी पडली की आमच्या सासूबाई परसातल्या कोंबड्यांसाठी चुलीवर पाणी तापवायच्या. गार पाणी प्यायल्या की अंडी बंद होतात म्हणे. कोंबड्यांचं झालं की उरलेलं सासऱ्यांच्या आंघोळीला, आणि मला हौदातलं बर्फगार! एकदा मी तांब्याभर कोमट मागितलं, तर म्हणाल्या, "का गं? तू काय अंडी घालतीस का?"

एवढी बडदास्त ठेवूनही खुराड्यात अंडं काही दिसेना. एका सकाळी शेजारीण हसत आली. "तुमच्या कोंबड्या लई गुणाच्या हायत बाई, रोज आमच्या कडब्यात येऊन अंडी घालत्यात."

सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. मी चुलीवरचं पातेलं उचललं आणि न्हाणीकडं निघाले.

"आत्याबाई, कोंबड्यांचं पाणी आता शेजारणीलाच तापवू द्या!"