दादाच्या काचेची खालची बाजू

पीठ मळून झालं होतं, लाटायचं राहिलं होतं. ज्यावर लाटते ती ओट्यावरची जाड काच आज गरम पाण्याने घासायला घेतली आणि तिच्या पाठीला चिकटवलेलं जुनं कापड हातात सुटून आलं. खाली, कोपऱ्यात, चांदणीसारखा फुटलेला खळगा.

सासूबाई भाजी निवडत होत्या. जुडी ठेवून त्या जवळ आल्या.

"कापड वडिलांनी लावलं होतं, काच माझ्या हाती देण्याआधीच," त्या म्हणाल्या. "ओट्यावर चरे पडू नयेत म्हणून, असं सांगायचे."

काच त्यांच्या दादाची. लढाईच्या दिवसांत तो बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत बंदूक धरून बसायचा. सासूबाई तेव्हा लहान. हट्ट धरला, तुझ्या विमानातलं काहीतरी आण. पुढच्या सुट्टीत त्याने स्वेटरात गुंडाळून हा ठोकळा आणला. "कशाची रे ही?" विचारल्यावर म्हणाला, "ओळख बघू. पुढच्या खेपेला सांगतो." ती खेप आलीच नाही. मोठेपणी कोणीतरी सांगितलं की अशी काच गोळी अडवते, आणि तेव्हापासून त्यांच्या मनाने एकच घोकलं: मी मागितली म्हणून त्याने स्वतःपुढची काच काढून आणली का? या एका गोष्टीवरून त्यांनी देवाशी अबोला धरलाय. दिवा मीच लावते, त्यांच्या वाटचे हातही मीच जोडते.

पिठावर ओलं फडकं टाकलं, काच पिशवीत घातली आणि दोघी नाक्यावरच्या काचवाल्याकडे गेलो. तरुणपणी तो विमानांच्या कारखान्यात काचा बसवायचा.

"आजोबा, जरा बघता का?" मी म्हटलं.

"कसला आजोबा! माझ्यापुढे पोरगा आहे तो," सासूबाई पुटपुटल्या.

त्याने काच उजेडात आडवी धरली. कडेने एकावर एक थर दिसत होते, मधल्या रेघा पिवळ्या पडलेल्या.

"शेपटीतल्या बंदूकवाल्याच्या तोंडापुढची," तो म्हणाला. मग सासूबाईंचं बोट आधी खळग्यात ठेवलं, मग उलट्या बाजूला. "इकडे गुळगुळीत लागतंय ना? इकडे त्याचा चेहरा. गोळी थरांत अडकली, आत आलीच नाही."

"आणि हीच काढून आणली, तर त्याच्यापुढे काय उरलं?"

"अहो बाई, मार खाल्लेली काच परत कोण ठेवेल? ती काढायची, नवी बसवायची. ही टाकाऊ झाली म्हणून तर त्याच्या हाती लागली."

"म्हणजे पुढे नवी होती."

"होती."

सासूबाई बाकावर टेकल्या. "एकदा वाचला होता तो. आणि मला म्हणतो, ओळख बघू! वडिलांनी ही चांदणी झाकली, मी घाबरू नये म्हणून. जन्मभर घाबरलेच की." मग हळूच म्हणाल्या, "पण मग आला का नाही?"

"ते काचेवरून नाही कळत, बाई."

घरी आल्यावर त्यांनी काच ओट्यावर ठेवू दिली नाही. खिडकीत उभी केली, गुळगुळीत बाजू आपल्याकडे, आणि अगदी चेहरा टेकवून रस्त्याकडे बघत राहिल्या. सगळं जरा हिरवट दिसतं, म्हणाल्या. पीठ वरून सुकलं होतं. उपड्या ताटावर लाटून भागवलं. संध्याकाळी देवापुढचा दिवा त्यांनी लावला, मला न विचारता.

उद्या त्यांना सुताराकडे जायचंय, काचेला चौकट करून घ्यायला.