धाकूच्या मांडणीवरची नावं

धाकू ज्याचं नाव भांड्यावर घालतो, तो महिन्याभरात जातो, अशी कुजबुज गेल्या वर्षी कोपरीतल्या आमच्या चाळीत उठली. मी ती पसरवली नाही. फक्त दोन मजले वर नेली.

धाकू एकटा माणूस. चाळीस वर्षं कल्याणच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून मशीनने नावं घालायचा. लग्नाची भांडी, बारशाची, वास्तुशांतीची. टर्र टर्र सुई फिरायची आणि अक्षर छापल्यासारखं उमटायचं. शिमग्यानंतर त्याने बाजारात बसणं बंद केलं आणि मशीन घरी आणलं. रोज दुपारी दार लावून मिनिटभर टर्र टर्र, की थकून बंद. गिऱ्हाईक तर एकही येत नव्हतं.

मग पंखा दुरुस्त करायला गेलेल्या सुदेशने त्याच्या मांडणीचा फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला. धाकूच्या स्वतःच्या भांड्यांच्या काठांवर चाळीतली नावं! पहिल्या तांब्यावर गणू. शेजारच्या पातेल्यावर शालन. पुढची भांडी अजून कोरी.

आठव्या दिवशी आमचा रिक्षावाला गणू स्टँडवर बसल्या बसल्या गेला.

तेव्हापासून टर्र सुरू झाली की जिन्यातली बडबड बंद व्हायची. समोरच्या शालनवहिनी एरवी कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. त्या टिटवाळ्याच्या गणपतीला तीन मंगळवार जाऊन आल्या. लेकीसाठी चिठ्ठी लिहून गादीखाली ठेवली. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही. बरं, पाटल्या रव्याच्या डब्यात आहेत.

शेवटी वहिनी धाकूच्या दारात उभ्या राहिल्या. मी योगायोगाने जिन्यातच होतो.

"भावजी, माझं नाव खोडा."

"स्टीलवरचं खोडता येत नाही, वहिनी."

"मग पातेलं द्या इकडे, खाडीत टाकते!"

"आत्ता नाही. खाली दोन ओळी घालायच्यात, की झालं."

"झालं म्हणजे काय ओ? काय झालं?"

धाकू हसला. गालफडं इतकी बसलेली, की ते हसू बघवेना. "घाई आहे मला," म्हणाला आणि दार लावलं. लगेच आतून टर्र. वहिनींनी माझा हात असा घट्ट धरला, की बायकोने पाहिलं असतं तर पुढचा नंबर माझाच होता.

दोन दिवस वहिनी जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी टर्र ऐकू आली नाही. दुपारी सुदेशने कडी तोडली. धाकू मशीनशेजारीच गेला होता, मांडीजवळ पातेलं पालथं. वहिनी पुढे होईनात, म्हणून बुडावरचं मी वाचलं:

"शालनवहिनी, माझी आई गेली त्या दिवशी काही न बोलता माझ्यासाठी डबा दारात ठेवलात. सांगायचं राहून गेलं. पातेलं तुमचं. धाकू."

गणूच्या तांब्याखालीही अशाच दोन ओळी होत्या. बाकीची भांडी कोरीच राहिली.

उशीखाली रिपोर्ट सापडले. धाकूला पोटाचा कॅन्सर होता आणि तो आपली भांडी शेजाऱ्यांना वाटून ठेवत होता. गणू हार्ट अटॅकने गेला. शालनवहिनींना काहीही झालेलं नाही.