मांडवाचं तोंड

सोपानकाका कुणाच्याही लग्नाचं काम बघायला आले की आधी खुर्चीवर बसत. घरात नाही, जिथं मांडव घालायचा त्या जागेवर. टेम्पोतून एक लोखंडी घडीची खुर्ची काढायची, रानात उघडायची, तिच्यावर बसून समोर बघायचं. मग उठून दहा पावलं सरकायचं आणि पुन्हा बसायचं. चहा घेऊन आलेलं माणूस कपबशी सांभाळत त्यांच्या मागं मागं फिरत असे. आठ-दहा ठिकाणी बसून झालं की ते घरातल्या कुणाला तरी त्या खुर्चीवर बसवत आणि विचारत, "हितनं काय दिसतंय?"

"काही नाही," असं उत्तर आलं की म्हणत, "मंग पावन्याला तरी काय दिसंल?"

वेल्ह्यात त्यांचा मांडवाचा धंदा होता. बांबू, पाईप, कनाती, खुर्च्या आणि एक टेम्पो. उंच, किरकोळ अंगाचा माणूस, डोक्यावर टोपी. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते तलाठ्याची वाट बघत असल्यासारखे उभे असत. तरीही लग्न ठरलेली पोरं-पोरी सल्ल्याला त्यांच्याचकडं जात. अलीकडं ही पोरं मोबाईलमध्ये फोटो घेऊन येतात. झुंबरं, फुलांच्या भिंती, तळ्यावरचं स्टेज. काका मोबाईल हातभर लांब धरून प्रत्येक फोटो नीट बघत, परत देत आणि म्हणत, "फोटू झ्याक हाय. ह्यातली मानसं जेवली का?"

हे पोरांना माहीत नसे.

एकदा पुण्याहून एक जोडपं आलं. मुलाचं मूळ गाव वेल्हे तालुक्यात. दोघांना तोरणा मागं ठेवून उघड्या माळावर लग्न लावायचं होतं, वर मांडवाचं कापडही नको होतं. काकांनी वाद घातला नाही. एप्रिलच्या दुपारी साडेबारा वाजता त्यांना माळावर बोलावलं आणि दोन खुर्च्या टाकल्या. "ईस मिन्टं बसा. पावना दोन तास बसनार हाय, तुमी ईस मिन्टं तरी बसा." स्वतः टेम्पोच्या सावलीत उभे राहिले. सातव्या मिनिटाला मुलीनं ओढणी डोक्यावर घेतली. बाराव्या मिनिटाला मुलगा उठून आला आणि संध्याकाळचा मुहूर्त असतो का, असं विचारू लागला. काकांनी खिशातून तारखांचा कागद काढला. गोरज मुहूर्त त्यांनी आधीच विचारून ठेवले होते.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्याही मोबाईलमध्ये दोन-तीनशे फोटो होते. मी भोरला एका औषधांच्या दुकानात काम करत होते आणि गिऱ्हाईक नसलं की फोटो साठवत होते. अमोल, माझा होणारा नवरा, भोरचाच. त्याला स्टेजवर धुरातून यायचं होतं. मला स्टेजमागं ते लांब, पिसांसारखे तुरे असलेलं वाळकं गवत हवं होतं. लग्न आमच्या दारात, पासलीला होणार होतं आणि मांडव अर्थातच सोपानकाकांचा. पाच वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नालाही त्यांचाच होता.

काकांनी गवताचा फोटो बराच वेळ बघितला. "हे आपल्या बांधावर उगवतं. म्हशी त्वांड लावत न्हाईत," ते म्हणाले. मग अमोलकडं वळले. "जावईबापू, धुरातनं कशाला येताय? लोकास्नी वाटंल चुलवणाकडचं कोनतरी आलं." अमोलनं धुराचा विषय पुन्हा काढला नाही. गवत मात्र काकांनी आणलं, फुकटात, आणि ते फोटोतल्यापेक्षा चांगलं दिसलं.

पण माझ्या मनात गवतापेक्षा मोठी गोष्ट होती आणि तिचा फोटो कुठंच मिळत नव्हता.

आमच्याकडं मुलीची आई लेकीचं लग्न लागताना बघत नाही. आत मंगलाष्टकं चालू असतात आणि ती बाहेर तुळशीला पाणी घालत बसते. आईनं थोरलीचं लग्न असंच ऐकलं होतं. मी धाकटी आणि शेवटची. म्हणजे माझंही हुकलं की आईनं आयुष्यात एकाही लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना पाहिल्या नाहीत, असा हिशेब होता. मी तिला दोन महिने समजावत होते. भोरच्या कार्यालयांत आया पहिल्या रांगेत बसतात, व्हिडिओ काढतात, हेही सांगितलं.

"बसूंदे त्यांना," आई म्हणाली. "माज्या आईनं माजं बघितलं न्हाई, तिच्या आईनं तिचं न्हाई. म्याच कोन निराळी लागून गेले? आन् रीत मोडली, उद्या तुला कायबाय झालं, तर म्या कुनाकडं बघू?"

तिची भीती खरी होती. भीतीशी वाद घालता येत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून मी घालत होते.

आमचं घर उंचावर आहे. पुढं अंगण, अंगणात तुळस. अंगणाच्या कडेला माणूसभर उंचीचा बांध, त्याखाली भाताचं खाचर आणि खाचराच्या पलीकडच्या कडेला रस्ता. भात निघाल्यावर धसकटं काढून खाचर सपाट करायचं आणि तिथंच मांडव घालायचा, ही गावाची पद्धत. स्टेज बांधाला लागून, घराकडं पाठ करून. पाहुणे रस्त्यावरून येणार, कमानीतून आत शिरणार आणि समोर बघत बसणार. सगळ्यांची लग्नं अशीच लागली.

काका खुर्ची घेऊन खाचरात नऊ ठिकाणी बसले. वडिलांना वाटलं, दमले असतील. मग ते खुर्ची खांद्यावर टाकून बांध चढून अंगणात आले, तुळशीपाशी ती उघडली आणि तिथं सगळ्यांत जास्त वेळ बसले. मग मला बसवलं.

"हितनं काय दिसतंय?"

मी म्हटलं, "खाचर. रस्ता."

"थोरलीच्या वक्ताला हितनं माजा पडदा दिसत हुता," काका म्हणाले. "उलटी बाजू. ठिगळं आन् सुतळ्या. मंगलाष्टकं चालू असताना दोरी ताणायला म्या वर आलो, तर तुजी आई तांब्या घिऊन त्या पडद्याकडं त्वांड करून बसलेली. पडदा जरा बाजूला सारावा म्हनलं, तर सरंना. गाठ लई पक्की मारली हुती म्या."

कामातली एखादी चूक सांगावी तसं त्यांनी हे सांगितलं. मग खाली उतरून वडिलांना म्हणाले, "दादा, ह्या खेपंला मांडवाचं त्वांड फिरवावं लागतंय. स्टेज रस्त्याच्या अंगाला."

वडील हबकले. स्टेज रस्त्याकडं म्हणजे पाहुणे स्टेजच्या मागून येणार. कमान कुठं लावायची? सोफे कुठं? त्यांनी तालुक्याच्या एका पुढाऱ्यांना आमंत्रण दिलं होतं. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं पुकारायला खास निवेदक ठरवला होता. साहेब काय पडद्यामागून येणार?

"वारा," काका म्हणाले.

"कसला वारा?"

"दुपारचा. तोरण्याकडनं सुटतोय. घराकडं पाठ केली तर पडदा फुगून नवरानवरीच्या डोस्क्यावर यील."

वडिलांचा जन्म त्या घरातला. असला वारा त्यांना कधी लागला नव्हता. पण मांडवाच्या बाबतीत सोपानकाकांच्या वर बोलायचं कसं, म्हणून ते गप्प बसले. भटजींना दिशेचं विचारलं, तर त्यांचं वेल्ह्यात त्याच दिवशी दुसरं लग्न होतं. ते म्हणाले, मला वेळेवर सोडणार असाल तर कुठंही तोंड करा.

आईला कुणी काही विचारलं नाही. काकांनी मला बजावलं होतं, "वहिनीस्नी बोलू नगंस. त्यांनी रीत मोडायची न्हाई. आपुन मांडव फिरवायचा." घराकडच्या बाजूचं छत त्यांनी दोन हात उंच धरलं. का, असं वडिलांनी विचारल्यावर पुन्हा वारा सांगितला.

लग्नाच्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. पाहुणे रस्त्यावरून यायचे, समोर पडद्याची उलटी बाजू दिसायची, क्षणभर थांबायचे आणि मग स्टेजच्या कडेनं गुपचूप आत शिरून बसायचे. निवेदक स्टेजवर माईक घेऊन घराकडं तोंड करून उभा. कोण आलं हे त्याला कळेपर्यंत ते माणूस तिसऱ्या रांगेत बसून पाणी पीत असे. बसलेल्या माणसाचं आगमन झालं असं म्हणता येईना. त्यामुळं सत्कार नाहीत, भाषणं नाहीत, आणि पासलीत प्रथमच भटजींनी मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी अंतरपाट मागितला. तेवढ्यात साहेब आले. ते कडेनं न जाता मागच्या पायऱ्यांनी थेट स्टेजवरच चढले. भटजी घाईत होते. अंतरपाटाचं एक टोक धरायला माणूस हवं होतं. त्यांनी ते समोर दिसलेल्या हातात दिलं. सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत साहेब दोन्ही हातांनी अंतरपाट धरून उभे होते आणि माईक निवेदकाच्या हातातच राहिला. वडिलांचा चेहरा मला बघवेना.

नवरीनं मान खाली घालायची असते. मी वळवली. लोकांच्या डोक्यांवरून, उंच धरलेल्या छताखालून आमचं अंगण स्वच्छ दिसत होतं. तुळस दिसत होती. आणि आई आमच्याकडं पाठ करून, घराच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती.

तिनं रीत पाळली होती. इतका मोठा मांडव फिरवला, पण पाटावर बसलेली आई फिरवायची कशी, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. पहिलं मंगलाष्टक संपलं. मला रडू आलं. ते फोटोत आहे आणि ते सासरी जायचं रडू आहे, असं आजवर सगळे समजतात.

मग मला सोपानकाका दिसले. जनरेटरपाशी उभे होते, तिथून ते लग्नाकडं बघत नव्हते, अंगणाकडं बघत होते. सावकाश बांध चढले. तुळशीपाशी जाऊन वाकले आणि आईला काहीतरी म्हणाले. एखादंच वाक्य असेल. आईनं मान उचलून त्यांच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं बघितलं. मग पाट उचलला, तुळशीच्या दुसऱ्या अंगाला ठेवला आणि बसली. आता तिचं तोंड आमच्याकडं होतं. काका लगेच खाली निघून आले.

आईनं तुळशीला पाणी घालायला सुरुवात केली. तांब्या छोटा होता, तिसऱ्या मंगलाष्टकातच रिकामा झाला असणार. शेवटपर्यंत ती तो तसाच तिरका धरून बसली होती आणि तुळशीवरून माझ्याकडं बघत होती. अक्षता पडल्या तेव्हाही बघत होती. त्या दिवशी तिच्याइतकं नीट माझं लग्न कुणीच पाहिलं नसेल.

काकांना मी विचारलं, आईला काय म्हणालात? ते खुर्च्यांची चळत लावत होते. "कामाचं बोललो," एवढंच म्हणाले. आईला विचारलं तर तीही सांगेना. चार वर्षं विचारत होते.

गेल्या भाद्रपदात सोपानकाका गेले. तापाचं निमित्त झालं. दहाव्याला वेल्ह्यात नदीवर मी आणि आई गेलो. माणसं पुष्कळ होती. अकरा जणांची श्रद्धांजलीपर भाषणं झाली. काका दानशूर होते, धार्मिक होते, असं पुष्कळ काही समजलं. घडीच्या खुर्चीबद्दल कुणी बोललं नाही. उन्हात उभी राहिलेली माणसं मधूनमधून बसायला जागा शोधत होती, आणि इथं एक माणूस कमी आहे हे मला तेव्हा नीट कळलं. मी फार रडले. आई रडली नाही.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. बस पासलीच्या रस्त्याला लागली तशी ती आपण होऊन बोलायला लागली.

"त्या दिशी भावजी मला म्हनलं, 'वहिनी, जरा पलीकडं सरून बसा. तुमी बसलाय तितं खालनं करंटाची वायर गेलीया.'"

"मग?"

"वायर कुटली? सकाळी ती जागा म्याच सारवलेली. म्हनलं, असला मानूस, जल्मात कुनाला खोटं बोलला न्हाई, आन् आज तुळशीम्होरं उभं ऱ्हाऊन बोलतोय." आई खिडकीबाहेर बघत राहिली. "मंग मलाबी वायरीचं भ्या वाटलं."