सुगरणीचं झाड आणि निलूची भिंत

"ट्रायपॉड आण. एक पांढरी चादर आण. बाकी आल्यावर बोलू."

निलूचा एवढाच मेसेज आला आणि मी गाडीची हवा तपासायला पेट्रोल पंपावर गेले. किती वर्षं 'जायचंय, जायचंय' चाललं होतं. आता कारणही होतं. एक प्रकाशक आमचं अर्धवट राहिलेलं पुस्तक छापायला तयार झाले होते.

निलू, म्हणजे निलिमा, माझी कॉलेजातली मैत्रीण. नाशिकला ती चित्रकला शिकली, मी फोटोग्राफी. एकदा मुंबईच्या संग्रहालयात जुनी दरबारी चित्रं बघताना आम्ही दोघी एका पक्ष्यासमोर अडकलो. पिसाची एकेक शीर काढलेली, डोळ्यात पाणी असल्यासारखी चमक. पण पक्षी उभा कोऱ्या जमिनीवर. पुढची चित्रंही तशीच. झाड क्वचित, घरटं तर नाहीच. त्याआधी आम्ही अजिंठ्याच्या छतावरचे हंस पाहिले होते, तेही आपले चालतच निघालेले.

"पक्षी पकडून दरबारात नेता येतो," निलू म्हणाली होती, "घरटं कसं नेणार?"

त्यातून पुस्तक सुचलं. डाव्या पानावर मी काढलेला घरट्याचा फोटो, उजव्या पानावर त्याच घरट्याचं निलूनं काढलेलं चित्र, त्या जुन्या चित्रकारांच्या नजाकतीनं. निम्मं काम झालंही. मग तिच्या आईला अर्धांगवायू झाला आणि निलू सहा महिन्यांसाठी गावी, शहाद्याजवळच्या कळसाडीला गेली. ती परत आली नाही. गेल्या वर्षी तिची आई वारली. म्हणून मी, सरळच सांगते, तिला परत आणायला निघाले होते.

शनिवार : नाशिक ते कळसाडी

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा, शहादा असा रस्ता. भाद्रपदात जा. धुळ्यापर्यंत हायवे झकास आहे, पुढे खड्डे चुकवत जावं लागतं. जेवणाचा थांबा धरून सहा-सात तास लागतात. दोंडाईच्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तर्री इतकी जहाल की शेजारच्या टेबलावरचा ट्रक ड्रायव्हर माझ्याकडे बघून न सांगताच पोऱ्याला म्हणाला, "ताईले ताक दे रे."

सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडली. पाणी गढूळ, काठोकाठ. पुढे दोन्ही बाजूंना कापूस आणि ऊस. शहाद्यात मुक्काम करायचा असेल तर बसस्टँडजवळ साधी, स्वच्छ लॉज आहेत, हजाराच्या आत खोली मिळते. मी थेट कळसाडी गाठलं.

निलू अजून आली नव्हती. ती मोलगीजवळच्या आश्रमशाळेत चित्रकला शिकवते. आठवडाभर तिकडे भाड्याच्या खोलीत राहते आणि शनिवारी घरी येते. दारात तिचा मोठा भाऊ उभा होता. त्याला सगळे आप्पा म्हणतात.

"ये वं ताई, कव्हय निंघनी व्हती?" त्यानं माझी बॅग घेतली. "निलू सांजले येस. पहिले जेवी ले."

जेवण झाल्याचं मी सांगितलं, तरी वहिनींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवलाच. मी का आले ते आप्पाला माहीत होतं. तो म्हणाला, "लई जा तिले नाशिकले. मन्हं काही म्हननं नही. पन ती कोनं ऐकस नही."

संध्याकाळी फाट्यावर एसटी थांबली आणि निलू उतरली. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. खांद्यावर शबनम, हातात भेंड्यांची पिशवी. आम्ही मिठी मारली तेव्हा भेंड्या मधे चेंगरल्या. "जाड झालीस," ती म्हणाली. "तू वाळलीस," मी म्हणाले. झालं, तेवढंच बोलून आम्ही दोघी रडायला लागलो आणि आप्पा भेंड्यांची पिशवी घेऊन आत निघून गेला.

रविवार : विहीर

उजाडताच शेतात गेलो. आप्पाच्या उसाच्या कडेला जुनी विहीर आहे आणि तिच्यावर झुकलेली बाभूळ. त्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकलेली. वारा आला की सगळं झाड डुलायचं आणि खाली पाण्यात तितकीच घरटी उलटी डुलायची.

नाव सुगरण, पण विणतो नर. डोक्यावर हळदीसारखी पिवळी टोपी. उसाच्या पात्याला चोचीनं चीर पाडायची, लांब दोरा ओढायचा, उडत येऊन गाठ मारायची. अर्धं विणून झालं की मादी बघायला येते. आवडलं तर राहते. नाही आवडलं तर उडून जाते आणि नर ते तिथंच सोडून दुसरं सुरू करतो. अशी सोडलेली घरटी झाडावर बरीच होती, नुसत्या टोप्यांसारखी.

फोटो काढणाऱ्यांना विनंती: लांबून काढा, मोठी लेन्स नसेल तर डोळ्यांनी बघा. फ्लॅश नको. 'फ्रेममध्ये येते' म्हणून फांदी वाकवू नका. आणि जागेचा नकाशा फेसबुकवर टाकू नका. शेत नेमकं कुठं आहे ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही.

मी दोन तास फोटो काढले. निलू बांधावर बसून होती. पूर्वी अशा वेळी तिची पेन्सिल थांबायची नाही, मी लेन्स बदलेपर्यंत तिचं एक पान भरलेलं असायचं. आता तिच्या मांडीवर कागदच नव्हता. ती फक्त बघत होती. एकदा म्हणाली, "तो बघ, तिसऱ्यांदा तीच गाठ सोडवतोय."

मला तिथंच विचारायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण इतक्या वर्षांनी ती माझ्या शेजारी होती, ऊन कोवळं होतं, आणि ती 'नाही' म्हणाली असती तर ती सकाळ संपली असती. मी कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला.

घाट आणि मोलगी

दुपारी पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना मागे टाकून निघालो. प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा. अक्कलकुव्याला गाडी आप्पाच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये ठेवली, कारण पुढे घाटात दरड आली होती आणि निलूला माझ्या ड्रायव्हिंगवर भरवसा नव्हता. तिथून मोलगीला जीप जातात. भरल्याशिवाय सुटत नाहीत. भरली असं आपल्याला वाटलं, तरी ती भरलेली नसते.

"सरका ना जराखा, आखो दोन जन बठतीन," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं, माझ्या डोक्यावर?" मी विचारलं. सगळी जीप हसली आणि दोघांच्या जागी तिघं बसले.

घाट चढताना ढग खाली राहिले. डोंगरांच्या उतारावर मका, भगर, मधूनच एखादं एकटं घर. निलू पलीकडच्या बाईशी तिच्या बोलीत अडखळत बोलत होती आणि ती बाई तिचे शब्द दुरुस्त करत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. माझ्याशिवाय निलूचं केवढं मोठं जग तयार झालंय, हे मला त्या जीपमध्ये, दोन पोत्यांच्या मधे दबून बसलेलं असताना समजलं.

मोलगीला तिची खोली. एक कॉट, स्टोव्ह, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्या. मी एक उघडली. मोर, पोपट, कोंबड्या, घोडे, माणसं, सगळे एका रांगेत चाललेले. गेरूचा लाल, चुन्याचा पांढरा.

"इथल्या घरांच्या भिंती," निलू म्हणाली. "लग्नात काढतात, पूर्वी जास्त काढायचे. आता घरं पक्की होतायत, भिंती जातात. जाण्याआधी मी आहे त्या मापात उतरवून घेते. सुट्टीत हेच करते."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"फोनवर काय सांगणार? तू पुस्तकाबद्दल विचारायचीस."

सोमवार : रमिलाबाईंचं घर

मला एक भिंत दाखवायची म्हणून निलूनं शाळेतून रजा काढली होती. मोलगीहून तासभर पायवाट. ओढा ओलांडताना चपला हातात घ्याव्या लागतात, बूट घालून आलात तर पस्तावाल. सोबत पाणी आणि खायला काहीतरी घ्या, वाटेत दुकान नाही.

रमिलाबाईंनी दारात आमचे ओले पाय पाहिले आणि हसत चुलीजवळ बसवलं. त्यांच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी घरातली भिंत रंगवली होती. आत अंधार होता. डोळे सरावले तसं एकेक दिसायला लागलं. घोडे, नाचणारी माणसं, आणि कोपऱ्यात एक झाड. झाडाला पिशव्यांसारखं काहीतरी लटकलेलं. एका पिशवीतून इवलीशी चोच बाहेर.

मी निलूकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"इतक्या भिंती उतरवल्या," ती म्हणाली, "पक्षी सगळीकडे. घरटं फक्त इथं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इतकं वाटलं, की तू इथं पाहिजे होतीस."

दिवाळीनंतर हे घर पाडून पक्कं बांधायचं होतं. मला राहवलं नाही. "एवढी भिंत ठेवता नाही येणार?" मी रमिलाबाईंना विचारलं.

"पाणी गळते," त्या म्हणाल्या. "मागल्या साली भिंतीतून साप निघाला. तुम्ही राहा एक पावसाळा, मंग सांगा."

सगळ्यात मोठ्यानं निलू हसली.

मग आम्ही कामाला लागलो. चादर कशाला ते तेव्हा कळलं. दारातून येणारा उजेड चादरीवर घेऊन भिंतीवर टाकायचा होता. निलू चादर धरून उभी राहिली. "डावीकडे. अजून. थोडी तिरकी." मी म्हणायच्या आधी ती सरकत होती. जिथं छत ठिबकत होतं तिथं रमिलाबाई छत्री धरून उभ्या होत्या. मी भिंत तुकड्या-तुकड्यानं टिपली. नंतर निलूनं कागद लावला, गुडघ्यावर बसली आणि त्या झाडाची पहिली फांदी काढली. तिचा हात जराही बदलला नव्हता. मी शेजारी बसून रंगाची वाटी धरली. दुपार कशी गेली कळलं नाही. आम्ही एकवीस-बावीस वर्षांच्या होतो तेव्हा अशाच बसायचो.

भाकरी खायला ओट्यावर बसलो तेव्हा मी विचारलं. प्रकाशकाचं, राहिलेल्या चित्रांचं, नाशिकला परत येण्याचं, सगळं एका दमात.

निलूनं मक्याच्या भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"आई गेली म्हणजे मी मोकळी झाले, असं तुला वाटलं ना?"

मी मान डोलावली.

"पहिली दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यात बाभळीखाली जाऊन बसायचे," ती म्हणाली. "आईला औषध देऊन धावत जायचे, काढायचे, आवडायचं नाही, फाडायचे. फार आठवण यायची, वैशू. तुझी, नाशिकची, आपल्या त्या चहावाल्याची. मग एकदा शाळेतल्या एका मुलीनं मला तिच्या घरची भिंत दाखवली. त्यानंतर ते दरबारी बारीक काम माझ्या हातातून गेलं. येत नाही असं नाही. करावंसं वाटत नाही."

"आणि पुस्तक?"

"तुझे फोटो चांगले आहेत. त्यांना माझी गरज नाही."

"मला आहे," मी म्हणाले.

तिनं भाकरी खाली ठेवली आणि खरकट्या हातानंच माझं मनगट धरलं. आतून रमिलाबाई ओरडल्या, रंग वाळतोय. आम्ही उठलो.

घरी

मंगळवारी सकाळी निलू जीपपर्यंत आली. जीप भरेपर्यंत आम्ही तिथंच उभ्या होतो, आणि त्या दिवशी ती नेमकी लवकर भरली.

नाशिकला आल्यावर प्रकाशकांना सांगितलं की पुस्तक फोटोंचंच करा, निलूची झालेली चित्रं शेवटी एकत्र छापा. त्यांना पटलं. रमिलाबाईंच्या भिंतीचे फोटो मी निलूला पाठवले, तिच्या गुंडाळ्यांसोबत ठेवायला.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. भिंत पाडली. पाडताना ती तिथं होती. मी विचारलं, नव्या घरात पुन्हा काही काढणार का?

"रमिलाबाईंना टाइल्स लावायच्यात," निलू म्हणाली. "मोर असलेल्या. शहाद्याला जाऊन निवडून आल्यात."

मग मीही तिला एक सांगितलं. माझ्या स्टुडिओत खिडकीजवळ तिचं चित्र काढायचं टेबल होतं. ती गेल्यापासून मी ते हलवलं नव्हतं, त्यावर साधा कपसुद्धा ठेवला नव्हता. ते मी गेल्या आठवड्यात समोरच्या गल्लीतल्या एका मुलीला देऊन टाकलं.

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं रेंज गेली. मोलगीला जाते.

"बरं केलंस," ती शेवटी म्हणाली. "खिडकीपाशी आता काय आहे?"

"काही नाही. उजेड येतो."

"छान," निलू म्हणाली. आणि मग दोघींपैकी कुणीच फोन ठेवेना.